खोट घातलेला दगड

यंत्राने खापरओहळाला एकतीस गुण दिले आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत सांगून ठेवलेले पेढे तसेच दुकानात राहिले. शंभरापैकी साठ मिळाले असते, तर आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे त्या खोऱ्याला कुणी हात लावू शकलं नसतं. आता तिथे धरणाची भिंत उभी राहणार होती. पाणी डोंगरावर चढवून वीज साठवणाऱ्या मंडळींना रान मोकळं झालं होतं. हे गुण कायम करणाऱ्या जागतिक मंडळाची शेवटची बैठक पंधरा दिवसांनी होती खरी, पण नापास झालेल्याची तोंडी परीक्षा कोण मनावर घेतो? आणि ज्या कागदावर ते एकतीस छापलं होतं, त्याच्या तळाशी यंत्रचालक म्हणून सही होती रेश्मा कुसाळकरची.

रेश्मा अडतीस वर्षांची. गेली तेरा वर्षं ती हस्तवाचक चालवत होती, आणि तिच्याइतकं ते यंत्र देशात कुणाला कळत नव्हतं. हस्तवाचकाचं काम सांगायला सोपं आहे. गारगोटीवर घाव बसला की तळ्यात खडा पडल्यासारख्या लाटा तिच्या अंगात उठतात, आणि दगड फुटतो तेव्हा त्या लाटा तिथेच गोठून राहतात. त्या लाटांमध्ये केसाहून बारीक रेघा असतात. भेग किती वेगाने धावली ते त्या रेघांच्या कोनावरून कळतं. वेग कळला की जोर कळतो, दिशा कळते. शिवाय नंतरचा व्रण आधीच्या व्रणाला कापून जातो, म्हणून घावांचा क्रमही लागतो. थोडक्यात, दगड कुणी, कसा आणि किती विचार करून फोडला हे हजारो वर्षांनंतरही त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. यंत्र ते वाचतं आणि गुण देतं.

हे गुण कशाचे? दगड फोडणारा आपल्यासारखा वागत होता का, याचे. वाद जुना आहे. माणूस हाडामांसाने आपल्यासारखा झाला त्याला दोन-तीन लाख वर्षं झाली. पण वागण्याने कधी झाला? काही विद्वान म्हणायचे की पन्नासेक हजार वर्षांपूर्वी डोक्यात एकदम दिवा लागला, आणि मणी, चित्रं, बारीक हत्यारं सगळं एका दमात आलं. काही म्हणायचे की दिवाबिवा काही नाही, आफ्रिकेत लाखभर वर्षं हे सारं थोडंथोडं जमत आलं. तिसरे म्हणत, जमलं, विसरलं, पुन्हा जमलं. माणसं पुष्कळ असली की कसब टिकायचं, विरळ झाली की जायचं. या भांडणात आपल्या देशाच्या वाट्याला काय आलं होतं? वाटेवरच्या गावाचा मान. लोक इथून पुढे गेले म्हणे, आणि जाताना शहाणपण बरोबर घेऊन गेले.

खापरओहळ या समजुतीला खोटं पाडणार होता. अकोले तालुक्याच्या डोंगरांतला हा एवढासा ओढा. त्याच्या काठाला, सुमात्रातल्या ज्वालामुखीने चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी उडवलेल्या राखेच्या थराखाली, गारगोटीचे त्रेचाळीस गाभे सापडले होते. गाभा म्हणजे ज्याच्यावरून कपच्या काढून पाती करतात तो मूळ दगड. कपच्याही जागच्या जागी पडलेल्या होत्या, जणू मंडळी आत्ताच जेवायला उठून गेली होती. हाडं मात्र एकही नाही. तेव्हा साक्ष काय ती दगडांचीच.

आणि दगडांनी घात केला. प्रत्येक गाभ्यावर आधी सहा-आठ सुरेख घाव, मग मध्येच एक अडाणी, दगडाचा नाश करणारा घाव, आणि त्यानंतर चाचपडणारे दुबळे घाव. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तसेच. यंत्राने निदान केलं: प्रत्येक गाभ्यावर एकच व्यक्ती, लक्ष टिकत नाही, नियोजन तुटते. मंडळाचे प्राध्यापक लिंडक्विस्ट यांनी पत्रात लिहिलं की या लोकांकडे हात होते, धीर नव्हता. माणूस सज्जन, पण एकदा पत्र लिहिलं की विषय संपला असं मानणारा.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी रेश्मा सतरा क्रमांकाचा गाभा पडद्यावर फिरवत बसली होती. तो वेडगळ घाव तिने मोठा करून पाहिला. असा घाव कुणी चुकून घालेल? चुकणाऱ्याचा हात घसरतो, इथे तर घाव नेमका दगडाच्या मधल्या कण्यावर बसला होता. तिने गाभा फिरवायचा थांबवला. हा घाव तिने पाहिला होता. एकदा नाही, शंभर वेळा, लिंबाच्या सावलीत बसून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

पाथरवटाच्या घरी शिकाऊ मुलाला कोरा दगड देत नाहीत. आधी बाप स्वतः पाटा घडवायला घेतो, सहा-आठ घाव नीट घालतो, आणि शिकाऊचं लक्ष नसताना एक घाव मुद्दाम वाकडा घालतो. याला खोट घालणं म्हणतात. मग दगड पोराच्या पुढ्यात ठेवतो आणि एकच शब्द बोलतो, ‘वाचव.’ खोट अशी घालायची की दगड बचावायला एकच वाट राहील. दोन नाही आणि शून्यही नाही. ती वाट ज्याला दिसली त्याला दगड कळला. बाकी कसब हाताला सवयीने येतं. रेश्माच्या बापाने तिचा भाऊ भरत याला असंच शिकवलं होतं. मुलींना खोट घालून देत नसत. मुलींनी बाजारात पाटे विकायला बसायचं.

यंत्राला हे कुठून माहीत असणार? त्याला शिकवलं होतं जगभरच्या निष्णात दगडफोड्यांनी, आणि त्यांनी त्याला चांगला घाव आणि चुकलेला घाव असे दोनच प्रकार दाखवले होते. मुद्दाम केलेली चूक त्याच्या शब्दकोशात नव्हती. ती रेश्माच्या शब्दकोशात होती, पण तिनेच तो कुलपात ठेवला होता. हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात एका मुलीने ‘दगडफोड्यांची ना तू?’ असं हसत विचारलं होतं. त्यानंतर प्रत्येक अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे तिने ‘बांधकाम’ असं लिहिलं. चुकीचं नव्हतं तसं, आणि खरंही नव्हतं.

ती उठून डॉ. नलिनी हुपरीकरांच्या खोलीत गेली. बाईंनी खापरओहळात अकरा वर्षं उन्हात काढली होती आणि आता त्या फायली बांधत होत्या.

‘मॅडम, एकतीस चूक आहे.’

‘सही तुझी आहे, रेश्मा.’

‘म्हणून तर आले.’ तिने सगळं सांगितलं. बाई ऐकत गेल्या आणि हातातली सुतळी गळून पडली.

‘हे कुठल्या शोधनिबंधात आहे?’

‘कुठल्याच नाही.’ रेश्मा खुर्ची ओढून बसली. ‘माझे वडील पाथरवट आहेत, मॅडम. आम्ही वडार. पाटे, वरवंटे, जाती घडवणारे. लहानपणी मी बाजारात पाटे घेऊन बसायचे.’

हुपरीकर बाईंनी फाइल बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तेरा वर्षं मी तुला दगड कसा फुटतो ते समजावून सांगतेय?’

‘हो मॅडम.’

‘आणि तू ऐकून घेतलंस.’ बाईंना हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. ‘धन्य आहेस बाई. आता मला सांग, लिंडक्विस्टना पटवायचं कसं? आठवण म्हणजे पुरावा नव्हे. जिवंत माणसाने यंत्रापुढे खोट घालून दाखवली पाहिजे.’

रेश्मा दुसऱ्या दिवशी जामखेडच्या अलीकडे, वस्तीवर गेली. तिचे वडील यल्लप्पा सत्तरी ओलांडलेले. मिक्सरने पाटा-वरवंट्याचा धंदा केव्हाच बसवला होता, पण अलीकडे पुण्याच्या फ्लॅटांत शोभेला पाटा ठेवायची टूम निघाली होती, त्यामुळे वर्षाकाठी दहा-बारा जायचे. त्या शोभेच्या पाट्यांनाही यल्लप्पा मन लावून टाकी मारत. कुणी वाटो ना वाटो, पाटा वाटायच्या लायकीचा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

लेकीचं बोलणं त्यांनी चहा थंड होईपर्यंत ऐकलं.

‘म्हंजी तुझ्या मिशनीनं त्या लोकांना अडाणी ठरवलं,’ ते म्हणाले.

‘मिशनीनं नाही, आप्पा. मी सही केली.’

‘वळखलं न्हाईस?’

‘नाही ओळखलं.’

यल्लप्पा रागावले नाहीत. तेच तिला जड गेलं. तिने मशीनपुढे खोट घालून दाखवाल का असं विचारलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. ‘खोट दाखवायला घालत नसत्यात. शिकणारा समोर बसला तरच हात तसा पडतो. तमाशा केला तर तुझी मिशीन लबाडी धरंल, आन बराबर धरंल.’

‘भरतला बोलावते.’ भरत ओमानच्या बंदरात क्रेन चालवत होता.

‘त्यानं दगड सोडला. त्याला आता खोट घालून काय उपेग?’

अंगणात कोंबडी माती उकरत होती. रेश्मा तिच्याकडे बघत म्हणाली, ‘मग मी बसते.’

यल्लप्पांनी चहाची बशी हातात फिरवली. ‘तवा तुला दिला न्हाई दगड.’

‘मुलींना देत नव्हते ना.’

‘माझा बाप देत नव्हता म्हून मी दिला न्हाई. तू सावलीत बसून बघायचीस. भरत चुकला की तुझी मूठ आवळायची. मला दिसायचं, रेशमे. दिसायचं आन मी तोंड फिरवायचो.’ त्यांनी बशी बाजूला सारली. ‘कवा जायचं म्हन्तीस?’

पुढचे आठ दिवस बाप-लेक खापरओहळाच्या पात्रात बसून होते. यल्लप्पांचा हात काळ्या पाषाणाचा. गारगोटी त्यांनी कधी फोडली नव्हती, आणि पहिल्या दिवशी तिने त्यांना चांगलंच दमवलं. चाळीसेक दगडांचा चुरा झाला. दुसऱ्या दिवशी ते घाव घालायच्या आधी दगड कानाशी नेऊन बोटाने वाजवू लागले. चौथ्या दिवशी कपच्या पानासारख्या सुटायला लागल्या. रेश्माला मात्र त्यांनी एकही घाव घालू दिला नाही. नुसतं बघ म्हणाले. बघण्यात ती आधीच तरबेज होती.

बैठकीच्या दिवशी प्रयोगशाळेच्या मधोमध गोणपाट अंथरलं. भोवती चौदा कॅमेरे, जमिनीत कंपनमापक. मंडळाचे सात सदस्य भिंतीवरच्या पडद्यावर. त्यांचं बोलणं भाषांतर-यंत्र तत्काळ मराठीत करत होतं, आणि ती मराठी इतकी शुद्ध होती की यल्लप्पांना वाटलं कुणी पोथी वाचतंय. त्यांच्या हातात घालायला मोजमापाचे मोजे आणले होते, ते त्यांनी परत दिले. ‘मोजा घातला की दगड ऐकू येत न्हाई.’

सुरुवातीलाच रेश्माने आपलं भाकीत मंडळाकडे लिहून दिलं होतं. चुकून बसलेल्या घावात हात बिथरतो, त्यामुळे भेगेचा वेग उसळतो किंवा मरतो. मुद्दाम घातलेल्या घावात तो आधीच्या चांगल्या घावांइतकाच संथ राहील. शिवाय चुकलेला घाव बहुतेक वेळा दगड मारून टाकतो. खोट मात्र प्रत्येक वेळी एक वाट राखेल. यंत्राच्या संग्रहात निष्णातांच्या अकराशे चुका होत्या, आणि त्यांत बचावण्याजोगा दगड पाचात एकही नव्हता. ही दोन्ही भाकितं खरी ठरली तरच गुण बदलायचे, असं लिंडक्विस्टनी स्वच्छ सांगितलं.

यल्लप्पांनी दगड घेतला, वाजवला आणि घाव घालायला लागले. एक, दोन, तीन. पडद्यावर गुण चढत गेले, अठ्ठ्याऐंशीवर स्थिरावले. रेश्मा समोर मांडी घालून बसली होती. सहाव्या घावाला ती नजर रोखून होती. सातव्याला तिने क्षणभर पडद्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात घाव पडला. गुण एकदम एकोणतीस. कुणीतरी पडद्यावर सुस्कारा सोडला.

यल्लप्पांनी दगड तिच्या पुढ्यात ठेवला. ‘वाचव.’

तिने तो उचलला, फिरवला. कण्याला तडा गेला होता. या बाजूने घाव घातला तर दोन तुकडे, त्या बाजूने घातला तर चुरा. तेरा वर्षांत तिने लाखभर व्रण वाचले होते, पण घाव घालायचा गोटा हातात धरून कधी बसली नव्हती. सात विद्वान बघत होते, आणि बाप बघत होता. खरी भीती बापाची होती. तिने तीन घाव घातले, तिन्ही हलके, दगडाला गुदगुल्या केल्यासारखे. मग ती थांबली. दगड उलटा केला. खालच्या अंगाला, जिकडे कुणी बघत नाही तिकडे, बोटभर जागा सरळ होती. चौथा घाव तिने तिथे घातला. तडा गेलेला सगळा भाग एका कपचीत सुटून गोणपाटावर पडला आणि हातात स्वच्छ गाभा राहिला.

यल्लप्पांनी कपची उचलून उजेडात धरली.

यंत्राने मोजलं. सातव्या घावाच्या भेगेचा वेग आधीच्या सहा घावांइतकाच होता. मग लिंडक्विस्टनी स्वतः, आपल्या हाताने, तीच कसोटी त्रेचाळीस प्राचीन गाभ्यांना लावली. आकडे एकामागून एक पडद्यावर उतरले. एकेचाळीस गाभ्यांत वेग संथ होता. दोन इतके झिजलेले की वेग मोजता आला नाही. आणि सगळ्या त्रेचाळीसांत बचावाची वाट होती, प्रत्येकात एक.

त्या आकड्यांचा अर्थ सगळ्यांना कळला होता. चौऱ्याहत्तर हजार वर्षांहून आधी त्या ओढ्याकाठी कुणीतरी बसलं होतं, आणि समोरच्याला काय येत नाही हे ओळखून त्याच्यासाठी त्याला पेलेल एवढीच अडचण तयार करत होतं. याहून आपल्यासारखं वागणं दुसरं कुठलं? मणी एकट्यालाही ओवता येतो, पण खोट घालायला दुसऱ्याच्या मनात शिरावं लागतं.

तेवढ्यात हुपरीकर बाईंनी सतरा क्रमांकाचा खरा गाभा यल्लप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, नमस्कार केला आणि फिरवून पाहिला. ‘ह्याचा मास्तर डावरा हाये,’ ते म्हणाले. ‘आन खोट जरा अवघडच घातलीया. पोरगं आगाऊ असनार.’

यंत्राने सतराच्या पहिल्या घावांपुढे ‘दिशा विसंगत’ असा शेरा मारून त्याचे गुण कापले होते. लिंडक्विस्टनी डावा हात धरून पुन्हा मोजलं. विसंगती गेली.

‘महोदय,’ भाषांतराच्या पोथीतून त्यांचा आवाज आला, ‘जर शिकणाऱ्यास मार्ग सापडला नाही, तर काय होते?’

‘मंग बाप पुढचा घाव घालतो,’ यल्लप्पा म्हणाले. ‘पोराला काय दगडासंगं फेकून देता येतं व्हय?’

रेश्माने घाईने अठ्ठावीस क्रमांकाचा गाभा उघडला. त्यात दुबळ्या घावांनंतर शेवटी तीन सुरेख घाव होते, आणि यंत्राने लिहिलं होतं की व्यक्तीने विश्रांती घेऊन पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या हाताला जमलं नव्हतं. पहिला हात परत आला होता. तिने ते मोठं करून पडद्यावर टाकलं. लिंडक्विस्टनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग म्हणाले, माझं पत्र मी मागे घेतो.

नवा आकडा पंच्याऐंशी आला. खापरओहळात भिंत उभी राहणार नव्हती. बाहेरच्या व्हरांड्यात टाळ्या वाजल्या, कुणीतरी दुकानात फोन लावला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी म्हण प्रयोगशाळेच्या संचालकांनी सगळ्यांना ऐकवली. दगडाचं कौतुक करणारी ही म्हण आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. टाकी धरणाऱ्याचं नाव विचारायला मात्र एवढी वर्षं लागली.

ते नाव आता लागणारच होतं. कसोटीची नोंद मंडळाच्या दप्तरी कायमची राहणार होती. पहिला हात कुणाचा, दुसरा कुणाचा, नाव आणि व्यवसाय. हुपरीकर बाई कीबोर्ड पुढ्यात ओढून म्हणाल्या, ‘रेश्मा, तुझ्यापुढे प्रमुख विश्लेषक लिहिते.’

‘द्या, मी लिहिते मॅडम.’

तिने लिहिलं. पहिला हात: यल्लप्पा दुर्गप्पा कुसाळकर, पाथरवट. दुसऱ्या हातापुढे यंत्राने आपला शेरा आधीच उमटवला होता: शिकाऊ. तो खोडायची सोय होती. तिने तो तसाच ठेवला आणि त्याच्या आधी लिहिलं: रेश्मा यल्लप्पा कुसाळकर, वरील पाथरवटाकडे. मग खाली सही केली.

‘काय लिव्हलं?’ यल्लप्पांनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘शिकाऊ म्हंजी बराबरच,’ ते म्हणाले. ‘पयले तीन घाव भिऊन घातलेस.’

‘आणि चौथा?’

यल्लप्पांनी मघाची कपची तिच्या तळहातावर ठेवली. ‘चौथा माझ्या पोरीचा व्हता.’